पाचवी मागणी

हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. गेल्या उन्हाळ्यात ज्यांना सांगणं भाग होतं तेवढ्यांना सांगितलं, तेही तोंडी. लिहून आज पहिल्यांदाच काढते आहे. तुम्ही मला ओळखत नाही, हे एका अर्थी बरंच आहे. ओळखीच्या माणसांसमोर मी फार वर्षं चांगली बाई म्हणून वावरले — आणि त्या ओळखीतच माझा पाय अडकला होता.

मी अमरावतीच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. बी.ए.च्या वर्गाला दरवर्षी एक प्रकरण असतं — हितसंबंधी गट आणि दबाव गट. फरक स्पष्ट करा, असा प्रश्न हमखास येतो. मी फळ्यावर दोन रकाने आखते. एकीकडे, समान हित असलेल्या लोकांचा गट. दुसरीकडे, ते हित पदरात पाडून घेण्यासाठी सत्तेवर दाब आणणारा गट. प्रत्येक दबाव गटाच्या मुळाशी काही ना काही हित असतं, पण प्रत्येक हितगट दाब आणतोच असं नाही. मुलं उतरवून घेतात. उदाहरणाला मी नेहमी बायकांच्या संघटना घेते, कारण मी स्वतः एकीत होते. एका वर्षी मागच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं, मॅडम, तुमचा मंच यातल्या कशात येतो? मी म्हटलं, दोन्हींत. आणि फळा पुसायला घेतला.

ते खोटं होतं. पण ते लहान खोटं. त्यासाठी मी लिहायला बसले नाही.

आधी मंचाचं सांगते. माझे वडील अकोल्यात वकिली करत. लग्न होऊन अमरावतीला आले, नोकरी लागली, आणि दोन-तीन वर्षांतच शहरातल्या शिकल्यासवरल्या बायकांच्या एका मंचात ओढली गेले. त्यात डॉक्टर होत्या, वकील होत्या, आम्ही प्राध्यापिका होतो. आम्ही निवेदनं द्यायचो. अधिकारी आम्हाला खुर्ची द्यायचे, चहा मागवायचे. कुणाची बदली झाली तर नवीन साहेबांच्या सौभाग्यवतींना आम्ही कार्यक्रमाला बोलवायचो. कामं व्हायची हो — नाही असं नाही. रस्त्यावरचे दिवे लागले, मुलींच्या शाळेजवळ बसथांबा आला. आम्हाला वाटायचं, हा आमचा दबाव. खरं म्हणजे ती आमची ओळख होती. ओळखीवर कामं होतात, फक्त ज्याच्याशी ओळख आहे त्याला अवघड वाटेल असं काही मागायचं नाही, एवढं पथ्य पाळावं लागतं. हे पथ्य आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. ते आपोआप अंगवळणी पडलं.

त्या काळात माझं एक स्वप्न होतं, मुलींचं वसतिगृह. परतवाड्याकडच्या, नांदगाव खंडेश्वरच्या मुली एसटीनं कॉलेजला यायच्या. गाडी चुकली की तास बुडायचे, दोन वर्षं असं झालं की बाप म्हणायचा, पुरे झालं, आता लग्न. माझ्या डोळ्यांदेखत हुशार मुली अशा गेल्या. मंचात मी हा विषय लावून धरला होता, आणि शहरातली रिकामी पडलेली एक दुमजली इमारत आम्हाला वसतिगृहासाठी द्यायला एक गृहस्थ तयारही झाले होते. त्यांचं नाव सांगत नाही. आम्ही त्यांना शेठजी म्हणायचो. अकोला आणि अमरावतीच्या मधोमध, हायवेपासून थोडं आत, त्यांचं जिनिंग होतं — कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधायचा कारखाना. आपल्याकडे सगळे त्याला नुसतं जीन म्हणतात.

बघा, मी अजून वळसेच घेते आहे. सांगते.

बारा वर्षांपूर्वी संक्रांतीला शेठजींच्या पत्नीनं जीनमधल्या बायकांसाठी हळदीकुंकू ठेवलं आणि मला बोलायला बोलावलं. मी 'स्त्री आणि आत्मसन्मान' असं काहीतरी बोलले. टाळ्या झाल्या. वाण वाटलं गेलं. मागच्या बाजूला एक पन्नाशीची बाई कुंकवाच्या रांगेत न बसता सगळ्यांना पाणी देत होती. नवरा वारला होता, म्हणून ती रांगेत नव्हती. तिचं नाव बेबीताई. मी निघाले तशी ती गाडीपर्यंत आली.

"मॅडम, भाषण बेस झालं," ती म्हणाली. "पन इथं संडासाले दार नाई. ते कोनाले सांगाचं?"

मला हसू आलं होतं, आणि लगेच लाज वाटली. मी तिला म्हटलं, अर्ज करू. मी लिहून देते.

पुढच्या रविवारी मी जीनजवळच्या त्यांच्या गावात गेले. बेबीताईच्या अंगणात वीस-बावीस बायका जमल्या होत्या. कापसातला कचरा आणि कवडी, म्हणजे किडका-डागी कापूस, वेचणाऱ्या, मशीनला कापूस घालणाऱ्या, रुई ओढणाऱ्या. मागण्या ठरल्या त्या अशा — संडासाला दार आणि कडी. प्यायला स्वच्छ पाणी. तान्ह्या लेकरांसाठी सावलीची खोली. रुईची भुकटी छातीत जाते म्हणून तोंडाला बांधायला चांगलं फडकं. चारही मी भराभर लिहिल्या. मग बेबीताईनं एका मुलीकडे पाहिलं आणि म्हणाली, "सांग व. मॅडम आपल्याच हायेत."

ती सविता. असेल तेव्हा तेवीस-चोवीस वर्षांची. दहावी झालेली, म्हणून त्यांच्यात शिकलेली. तिनं सांगितलं नाही. तिनं एक कागद पुढे केला. घरून लिहून आणला होता. जीनमधला मुकादम कामाच्या जागा ठरवायचा. ज्या बाईला तो मागच्या गोदामात रुईपाशी एकटीला पाठवायचा, तिच्या मागे तो स्वतः जायचा. सवितानं त्याचं नाव, दिवस, काय बोलला, कुठे हात लावला, सगळं लिहिलं होतं. सरळ अक्षरात, खाली पूर्ण नावाची सही. मी कायदा सांगितला. जिथे दहा माणसं कामाला आहेत तिथे बायकांच्या तक्रारींसाठी समिती नेमणं मालकावर बंधनकारक आहे, हे तिथल्या एकीलाही माहीत नव्हतं. मी पाचवी मागणी लिहिली — तक्रार समिती नेमावी आणि सोबतच्या तक्रारीची चौकशी व्हावी. सविताचा कागद त्याला जोडला.

अर्ज जीनमध्ये शेठजींकडे गेला. काहीच झालं नाही. पुन्हा गेला. मी बेबीताईला म्हटलं, थोडा धीर धरा, मी सरकारी कचेरीतल्या साहेबांशी बोलते, माझी ओळख आहे.

ती म्हणाली, "तुमची ओयख तुमच्यापाशी असू द्या मॅडम. आमाले कोनी ओयखत नाई. आमी गेटासमोर बसतो."

आणि त्या बसल्या. भर हंगामात, कापसाच्या गाड्या रस्त्यापर्यंत लागलेल्या असताना. दोन दिवस. घोषणा नाहीत, फलक नाही. नुसत्या फाटकासमोर मांडी घालून बसल्या आणि कांदा-भाकर खाल्ली. मशीन बंद. मी वीस वर्षं जो रकाना फळ्यावर आखत होते तो माझ्यासमोर उन्हात बसला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी शेठजींनी निरोप पाठवला, सरकारी कचेरीत बैठक घेऊ.

कचेरीतून सांगितलं गेलं, आत एकच प्रतिनिधी. बायकांनी आपसात बोलून मला निवडलं. "तुमाले कायद्याचं येते, सायबाची भाषा येते," बेबीताई म्हणाली. मी एकदा म्हणून पाहिलं, तुम्हीच चला. अगदी एकदाच म्हटलं. मला आत जायला आवडणारच होतं, हे आता कबूल करायला काय हरकत आहे?

बायका बाहेर कडुनिंबाखाली थांबल्या. मी व्हरांड्यात होते तेव्हा शेठजी आले. धमकी दिली असती तर बरं झालं असतं. ते नेहमीसारखे अदबीनं बोलले. वसतिगृहाची कागदपत्रं तयार आहेत म्हणाले, पुढच्या आठवड्यात सह्या करून टाकू, जूनमध्ये मुली राहायला येतील. मग म्हणाले, "मॅडम, चारही गोष्टी देतो मी. चूकच होती आमची. फक्त ते पाचवं — तो मुकादम आमच्या घरातला आहे. मी त्याला समजावतो. कागदावर कशाला?"

एवढंच. त्यांनी दोन गोष्टी एकमेकींना जोडल्याही नव्हत्या. जोडल्या त्या मी.

आत साहेबांनी एकेक मागणी वाचली. दार, कडी — मान्य. पाणी — मान्य. खोली — मान्य. फडकी — मान्य. पहिला कागद संपला. दुसरा कागद आणि सविताची तक्रार माझ्या हातात होती, कारण आत जाताना मी ती अर्जापासून वेगळी काढून घेतली होती. कधी काढली? व्हरांड्यात. का काढली? तेव्हा मी स्वतःला सांगितलं, नीट समजावून द्यावी म्हणून. साहेबांनी चष्मा काढला आणि विचारलं, "आणखी काही?"

मी म्हटलं, "नाही."

भीती वाटून म्हटलं नाही. कुणी माझा हात धरला नव्हता. मी विचार करून म्हटलं, आणि त्या क्षणी मला तो विचार शहाणपणाचा वाटला. चाळीस मुलींचं वसतिगृह, आणि इकडे एक तक्रार. मी मनात तराजू धरला आणि एका बाईला त्यात टाकलं. तिला न विचारता.

पण खरा गुन्हा अजून पुढेच आहे. मी बाहेर आले. बायका उठून उभ्या राहिल्या. चार मागण्या मान्य झाल्या सांगितल्यावर कुणी हसलं, कुणी डोळ्याला पदर लावला. सविता थोडी मागे उभी होती. बेबीताईनं विचारलं, "आन पाचवी?"

मी म्हणू शकले असते की मी मांडली नाही. म्हणू शकले असते की पुढच्या वेळी मांडू. मी म्हटलं, "साहेबांनी ती नाकारली. पुरावा नाही म्हणाले."

हे वाक्य साहेबांचं नव्हतं. माझं होतं. उभ्या उभ्या सुचलेलं. आणि इतकं पटण्यासारखं सुचलं की कुणी पुढे एक शब्द विचारला नाही.

तुम्हाला वाटेल, पुढे काय बिघडलं? दार लागलं, पाणी आलं. बिघडलं ते असं की गावात त्या वाक्याला पाय फुटले. पुरावा नाही. म्हणजे सरकारनं तपासलं आणि काही निघालं नाही. म्हणजे पोरीनं खोटं लिहिलं. ज्या बायका तिच्यासोबत गेटावर बसल्या त्यांच्यातल्याच काही तिच्याकडे तिरप्या नजरेनं बघू लागल्या. मुकादम उजळ माथ्यानं फिरायला लागला. सासूनं तिला घरात बोल लावले. हंगाम संपायच्या आधीच सवितानं काम सोडलं. तिचा नवरा तिच्या बाजूनं उभा राहिला, आणि दोघं गाव सोडून परतवाड्याला गेले. हे मला बेबीताईकडूनच कळलं, फोनवर, दुसऱ्याच कामाचं बोलता बोलता. मी "अरेरे" म्हटलं. खरंच म्हटलं मी तसं.

जूनमध्ये वसतिगृह सुरू झालं. दिवा मी लावला.

मधली वर्षं मी कशी काढली? वाईट नाही काढली. हेच तर सांगायचं आहे. मी झोपत होते, जेवत होते, सत्कार घेत होते. वसतिगृहातल्या मुली पास झाल्या, नोकरीला लागल्या, पेढे घेऊन आल्या. प्रत्येक पेढ्याबरोबर मी स्वतःला म्हणायची — बघ, बरोबर होतं तुझं. स्त्रियांचं हित साधलं. पण स्त्रियांचं हित म्हणजे कोणाचं हित? वसतिगृहातली मुलगीही स्त्री आणि गोदामातली सविताही स्त्री. दोघींची नावं एकाच रकान्यात लिहिली की एकीच्या नावाखाली दुसरी सहज पुसली जाते, आणि पुसणाऱ्या बाईला आपण काही पुसलं हे कळतही नाही. शेठजींचं हित मला व्हरांड्यात भेटू शकत होतं. सविताचं झाडाखाली थांबलं होतं.

तिकडे बेबीताई थांबली नाही. ते मी दुरून बघत राहिले. चार वर्षांपूर्वी जीनमध्ये आणखी एका मुलीबाबत तसंच झालं. या वेळी त्यांनी मला बोलावलं नाही. बेबीताईनं बायकांना म्हटलं होतं, मागच्या बारीले पुरावा नाई म्हनले, आता आपन सगळ्या मिळून पुरावा होऊ. एकोणीस बायकांनी आपापल्या नावानं तक्रारी लिहिल्या, ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी सांगून लिहवून घेतल्या. कचेरीत जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, एकच प्रतिनिधी चालणार नाही, आम्ही एकोणीस आहोत. तोच मुकादम अखेर कामावरून गेला. समिती नेमली गेली. जे मी एका शब्दानं बंद केलं होतं ते त्यांनी उघडलं. मला आनंद झाला आणि सुटल्यासारखंही वाटलं. आता ते जुनं कुणाला आठवणार?

आठवण मात्र लिहून आली.

पल्लवी माझी एम.ए.ची विद्यार्थिनी. नांदगाव खंडेश्वरची, आमच्याच वसतिगृहात राहणारी. तिनं प्रबंधाला विषय घेतला — वऱ्हाडातल्या कष्टकरी बायकांचे हितगट आणि दबाव गट. मार्गदर्शक मी. गेल्या एप्रिलमध्ये ती बेबीताईची मुलाखत घेऊन आली आणि उतरवलेली पानं माझ्या टेबलावर ठेवली. त्यात बेबीताईचे शब्द होते — मॅडमनं पाचवी मागणी लय लावून धरली, पन सायबानं ऐकलं नाई. पल्लवीनं त्याखाली स्वतःचा निष्कर्ष लिहिला होता. मध्यमवर्गीय हितगटाच्या पाठिंब्यामुळे दबाव गटाची मागणी प्रथमच शासनापर्यंत पोचली.

"मॅडम, त्या बैठकीला तुम्हीच होता ना आत?" तिनं विचारलं. "तुमचा दुजोरा मिळाला की हे पान पक्कं."

मान हलवली असती तर संपलं असतं. माझं खोटं छापील झालं असतं, तळटीपेसकट. ती समोर पेन उघडून बसली होती. मी म्हटलं, हे पान अजून पक्कं करू नकोस. मला आधी दोघींना भेटायचं आहे.

बेबीताई आता साठीच्या पुढे गेली आहे. मी गेले तेव्हा ती ओसरीवर तूर निवडत होती. मी सगळं सांगितलं. व्हरांडा, दुसरा कागद, 'आणखी काही', 'नाही', आणि पुराव्याचं वाक्य.  ऐकताना तिचे हात चालूच होते. सांगून झाल्यावर तिनं सूप बाजूला ठेवलं.

मग तिनं विचारलं, "सवितेले सांगतलं?"

"नाही अजून."

"मंग मले कायले सांगून राहिल्या पयले?"

 खरं उत्तर मला माहीत होतं. बेबीताई रागावली तरी सावरून घेईल असं मला वाटलं होतं. तिथेही मी ओळखच वापरायला गेले होते. तिनं सविताचा नंबर दिला, चहा दिला नाही. निघताना म्हणाली, "तिनं खोटं लिवलं नाई हे मले म्हाईत होतं. पन मी बी थोडी गप बसलीच. पुरावा नाई म्हनल्यावर मले बी बोलता आलं नाई." तिचा स्वतःवरचा हा राग बघून मी जास्त खचले. बारा वर्षं ती माझा वाटा उचलत होती.

परतवाड्याला सविताचं बाजाराजवळ शिवणकामाचं छोटं दुकान आहे. नवरा प्रवासी जीप चालवतो. एक मुलगी आहे, सातवीत. मी उभी राहूनच सांगायला लागले तशी तिनं स्टूल पुढे केलं. तिनं ऐकलं. मशीनवरचं पोलकं तसंच अर्धं राहिलं होतं. ती रडेल, ओरडेल, मला हाकलेल, अशी मी तयारी करून गेले होते. ती म्हणाली —

"मले वाटे, माह्यंच लिवनं चुकलं. काई तरी राह्यलं असन लिवाचं, म्हनून सायबाले पटलं नाई. किती वर्सं मी तो कागद मनात लिवला, पुन्हा पुन्हा. हे जोडलं असतं तं, ते जोडलं असतं तं." मग तिनं विचारलं, "म्हंजे सायबानं तो वाचलाच नाई?"

"नाही. मी दिलाच नाही."

तिनं खिडकीबाहेर बघितलं.  आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी काय म्हणू? माझ्याविषयीचा राग तर होताच, तो तिनं लपवला नाही. पण त्याच्या आत काहीतरी सैल झालं होतं. तिचं लिहिणं चुकलं नव्हतं. हे तिला बारा वर्षांनी कळत होतं, आणि ते सांगायला बारा वर्षं लावणारी बाई तिच्या स्टुलावर बसली होती.

"मले नुसतं सांगून का होते," ती म्हणाली. "तिकडं गावात सांगा. सगळ्याइसमोर. माही सासू अजून हाये. तिच्यासमोर सांगा. मी बी येतो."

मे महिन्यातल्या एका रविवारी, सकाळी, गावच्या समाजमंदिरात बायका जमल्या. बेबीताईनं सगळ्यांना निरोप दिले होते. सविता नवऱ्याला आणि मुलीला घेऊन आली, पहिल्या ओळीत बसली. सासू भिंतीला टेकून. पल्लवीलाही मी बोलावलं होतं. आयुष्यभर व्यासपीठावरून बोलले, त्या दिवशी खाली, त्यांच्यासमोर उभी राहिले. सांगितलं. कुठलाही शब्द मऊ केला नाही. वसतिगृहाचं नाव घेतलं ते फक्त काय घडलं हे कळावं म्हणून.

एक बाई मधेच उठून निघून गेली. दोघी-तिघी एकमेकींत मोठ्यानं बोलल्या, माझ्याबद्दल जे बोलायचं ते बोलल्या. ते बरोबर होतं. मग सविताची सासू भिंत धरून उठली, चालत सवितापर्यंत आली आणि खाली बसली. तिनं नातीच्या डोक्यावर हात ठेवला आणि सुनेला म्हणाली, "म्या तुले लय बोलली व."  सवितानं सरकून म्हातारीला सतरंजीवर जागा करून दिली. नंतर एकेक करून बायका सविताजवळ जाऊन बसल्या. माझ्याजवळ कुणी आलं नाही. येण्याचं कारणही नव्हतं.

आणि मग — हे मी कल्पनेतही पाहिलं नसतं — बेबीताई म्हणाली, आता जमल्याच आहोत तर समितीचं बोलून घेऊ. समितीतल्या बाहेरच्या सदस्याची मुदत संपत होती. नेमणूक मालक करतो, पण नाव सुचवायचं या बायकांनी ठरवलं होतं. बेबीताईनं पल्लवीला कायद्यातली ओळ वाचायला सांगितली. पल्लवीनं मोबाइलवर काढून वाचली, की बाहेरची व्यक्ती स्त्रियांसाठी काम करणाऱ्या संस्थेतली असावी किंवा तिला या प्रश्नाची जाण असावी.

"जान कोनाले हाये मंग?" बेबीताईनं विचारलं.

 मग सगळ्या सविताकडे बघायला लागल्या. सविता म्हणाली, विचार करून सांगीन, दुकान आहे, पोरगी आहे. नवरा म्हणाला, बैठकीच्या दिवशी दुकानात मी बसीन. त्यावर बायका हसल्या. त्या सकाळचं ते पहिलं हसू.

बाकीचं थोडक्यात. मंचाला मी पत्र लिहून सगळं कळवलं आणि मधल्या वर्षांत माझ्याकडे आलेलं अध्यक्षपद सोडलं. काही मैत्रिणी रागावल्या, वसतिगृहाचं नाव खराब होईल म्हणाल्या. त्यातल्या दोघी आता माझ्याशी बोलत नाहीत. वसतिगृहातल्या मुलींना पल्लवीनंच सांगितलं. त्यांनी एक बैठक घेतली आणि ठरवलं की वसतिगृहातही स्वतःची तक्रार समिती हवी. आता इमारतीचा कारभार बघणाऱ्या शेठजींच्या मुलाकडे त्या स्वतः गेल्या, मंचाला मधे न घेता. पल्लवीला मी म्हटलं, तुझा मार्गदर्शक बदलून घे, मी आता तुझ्या प्रबंधातली माहिती आहे. तिनं बदलून घेतला. निष्कर्षाचं पान तिनं नव्यानं लिहिलं आहे. त्यात माझं नाव आहे, आणि मी काय केलं ते तिनं साध्या तीन ओळींत लिहिलं आहे. मी वाचलं. एक शब्दही बदलायला सांगण्यासारखा नाही.

सवितानं मला माफ केलं का, मी विचारलेलं नाही. विचारणारही नाही. मी त्या दिवशी 'नाही' म्हटलं ते मला तेव्हा बरोबर वाटत होतं म्हणून म्हटलं, आणि नंतर गप्प राहिले ते सोयीचं होतं म्हणून राहिले. याला दुसरं काही नाव नाही.

दिवाळीनंतर जीन सुरू झालं. सविता आता समितीवर बाहेरची सदस्य होती; हंगामातली पहिली बैठक झाली, ती मला पल्लवीनं सांगितली. सविता सकाळच्या एसटीनं निघाली, मधे एक गाडी बदलली, आणि वेळेआधी पोचली. दोन तक्रारी आल्या होत्या. मालकाचा माणूस म्हणाला, ताई, मुद्दा कळला, पुढे जाऊ. सविता म्हणाली, थांबा. आणि तिनं दोन्ही कागद मोठ्यानं, सहीपर्यंत वाचले.